पाचवं मत

गुरुवारी दुपारी पालुपी सेमारांगच्या बंदरालगत राहणाऱ्या आईकडे गेली तेव्हा गल्लीत समुद्राचं पाणी घोट्याएवढं होतं, म्हणजे रोजच्याइतकंच. चपला हातात धरून ती भिंतीच्या कडेकडेने आली आणि दारात वाकली. या दारात वाकावंच लागे. तीस वर्षांत आईने भराव टाकून घराची जमीन तीनदा उंच केली होती. छप्पर आणि दार मात्र होतं तिथेच राहिलं, त्यामुळे दर भरावाला घर वीतभर बुटकं होत गेलं. वर टेकडीवर, पालुपीच्या घरात, आईसाठी केलेली खोली सहा वर्षं रिकामी होती. त्या खोलीबद्दल आता दोघींपैकी कुणी बोलत नसे. आई चुलीपाशी बसून धुरी दिलेल्या माशाचे काटे काढत होती. तिने मान वर केली, "आलीस, न्दुक, पोरी," म्हणाली, उठायला म्हणून चौकटीला हात लावला आणि अर्धवट उठून तशीच थांबली. फार वेळ नाही. पण पालुपी चपला ठेवता ठेवता तिच्याकडे बघत राहिली. मग आई पूर्ण उभी राहिली आणि तिने झग्याला हात पुसले. आईचे पाय सुजल्यासारखे दिसत होते. दिवसभर पाण्यात वावरल्यावर पाय असेच दिसतात, असं पालुपीने स्वतःला सांगितलं, आणि भांडी लावायला घेतली.

"जेवलीस का?"

"महोत्सवात जेवण असतं, बू," पालुपी आईला म्हणाली.

"असतं हे मला माहीत आहे. जेवलीस का, असं विचारलं."

शेजारीण तुमिराह मागच्या दाराने आली, हातात मिरच्यांची पिशवी. पालुपीला बघून तिथेच टेकली. पालुपीला ती म्बाक, म्हणजे ताई, म्हणे. "परवा टीव्हीवर दिसलात, म्बाक. चार परदेशी परीक्षक आणि मध्ये तुम्ही. बारीक दिसत होतात."

"टीव्हीत माणूस जाडच दिसतं, तुमिराह," आई म्हणाली. "ही तिकडे नुसती कॉफी पिते."

"मग बक्षीस कुणाला? आम्हाला तरी सांगा. मी कुणाला सांगणार आहे? मासे विकताना विषय निघालाच तर तेवढं."

पालुपी हसली आणि तोंडावर बोट ठेवलं. आई हसली नाही. ती काट्यांकडे बघत राहिली. तुमिराह गेल्यावर आईने गोड चहाचा ग्लास पुढे सरकवला, त्यावर झाकण ठेवलं, आणि काहीच न विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्यात तो पाण्याचा सिनेमा आहे म्हणे एक. आपल्या बंदरावरचा."

"आहे."

"लोक शेवटपर्यंत बसले?"

"बू, रविवारपर्यंत मला बोलता येत नाही. सही दिली आहे."

"सिनेमाबद्दल कुठे विचारलं? मी खुर्च्यांबद्दल विचारलं."

"बसले," पालुपी म्हणाली. एवढं सांगणं नियमात बसतं का, याचा ती थोडा वेळ विचार करत राहिली. आईने मान डोलावली आणि भात वाढला. मासा नारळाच्या रसात शिजवलेला, तिखट, धुराचा वास जिभेवर रेंगाळणारा. निघताना आईने उरलेला डब्यात भरून दिला. पालुपीने गल्लीतून मागे वळून पाहिलं नाही, कारण पाण्यात खाली बघूनच चालावं लागतं.

त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, निकाल लागून गेला होता. जुन्या शहरातल्या हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर, जाड भिंतींच्या खोलीत, पाच परीक्षक चार तास बसले होते. अध्यक्ष तेओदोरो, मनिलाचे, सत्तरी ओलांडलेले. डाव्या कानात यंत्र, नको असलेलं बोलणं सुरू झालं की ते हळूच बंद करत. बँकॉकची निर्माती नट्टया, जी प्रत्येक सिनेमाला 'हा कुणी विकत घेईल का' या प्रश्नाने हात घाली आणि मग स्वतःच त्यावर वैतागे. हानोईचा छायालेखक, पेनांगचा समीक्षक, आणि गावची म्हणून पालुपी. पंधरा सिनेमांतून दोन उरले होते: नॉम पेन्हच्या बसड्रायव्हरचा एक, आणि दुसरा 'भरतीचं वेळापत्रक', सेमारांगच्या बंदरावर मासे सुकवणाऱ्या म्हातारीचा, गालिह नावाच्या तरुणाने केलेला. तेओदोरो आणि हानोईवाला म्हातारीच्या बाजूने. नट्टया आणि पेनांगवाला ड्रायव्हरच्या. बरोबरी झाली तर अध्यक्षांचं मत दुप्पट धरायचं, असा नियम होता. म्हणजे पालुपी गप्प बसली असती तरी म्हातारी जिंकली असती. उठून बाहेर गेली असती तरी जिंकली असती. तो सिनेमा हरायला एकच रस्ता होता, आणि पालुपीने तो घेतला.

ती काय बोलली ते तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. "पूर्वार्ध फार चांगला कापलाय. माणूस दारातून निघून गेल्यावर रिकामं दार धरून ठेवलंय, एक पूर्ण श्वासभर. पण दुसऱ्या तासात ते दार अर्ध्या श्वासातच तुटतं. शेवटी शेवटी तर तेवढंही नाही. एक तर संकलक थकला, नाही तर घाई झाली. पहिल्या बक्षिसाच्या सिनेमाला हे माफ करता येणार नाही." तेओदोरोंनी कानाच्या यंत्राला हात लावला होता, पण बंद करायला नाही, आवाज वाढवायला. "तू हे मोजलंस?" त्यांनी विचारलं. "मोजलं," ती म्हणाली. खोलीत कुणीतरी पेन टेबलावर ठेवलं. पाच मतांत तीन ड्रायव्हरला गेली, आणि सगळे जेवायला उठले.

मोजायला तिला कुठे जावं लागणार होतं? मोजणं तिच्या अंगात होतं. जकार्तातल्या एका सिनेमा स्टुडिओत, लांब ओसरीच्या टोकाच्या खोलीत, आई फिल्म कापायच्या टेबलाशी बसे. पांढरे हातमोजे, कापडी पिशवीत लोंबणाऱ्या फिल्मच्या पट्ट्या, डिंकासारखा वास येणारं ते औषध. शाळा सुटल्यावर पालुपी दाराबाहेरच्या बाकावर बसायची, कारण आत यायला मनाई होती. पट्टीवर धूळ बसते. दाराच्या काचेतून आई दिसे. पडद्यावर माणूस दारातून बाहेर पडे, आणि आई नाकाने सावकाश श्वास आत घेई, सोडे, आणि सोडून संपला की पट्टीवर पेन्सिलीने रेघ मारी. तिच्याकडे दुसरं माप नव्हतं. इतर लोक फिल्मच्या चौकटी मोजत. मालकाचे मेहुणे आत येऊन ओरडत, "माणूस गेला ना? मग कापा की, वार्सीनी! प्रेक्षक काय दाराला बघायला येतो?" आई 'हो पाक', म्हणजे हो साहेब, म्हणे, आणि ते गेले की तशीच ठेवी. सिनेमा लागला की संकलक म्हणून त्या मेहुण्यांचंच नाव येई. आई 'मदतनीस', आणि तेही कधी तरी. बावीस वर्षं. नंतर स्टुडिओ बंद पडला, मायलेकी आजीच्या या घरात आल्या, समुद्र आत यायला लागला. वर्तमानपत्रांतून ज्यांनी 'त्या काळातल्या संथ, श्वास घेणाऱ्या संकलनाविषयी' लिहिलं, त्यांत खुद्द पालुपीही होती. तिच्या लेखातही मेहुण्यांचंच नाव होतं. छापील श्रेयनामावलीत जे असेल तेच लिहायचं, अशी शिस्त ती पाळत होती. आईने तो लेख वाचला, चष्मा काढला, पेन्सिल घेऊन शेवटचा परिच्छेद अख्खा खोडला. "हा इथेच संपला होता," म्हणाली. दुसरं काही म्हणाली नाही. लेख छापून झाला होता, तरी खोडला.

म्हणून 'भरतीचं वेळापत्रक' सुरू झाला आणि आठव्या मिनिटाला म्हातारीचा मुलगा घरातून निघून गेला, दार रिकामं झालं, आणि रिकामंच राहिलं, तेव्हा अंधारात बसलेल्या पालुपीने आपोआप श्वास आत घेतला, सोडला, आणि सोडून संपला त्या क्षणी चित्र बदललं. तिच्या मानेवर काटा आला. गालिह आईकडे शिकायला येतो हे तिला ठाऊक होतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दोघं बसत, आई माऊसला 'बोथट कात्री' म्हणायची. पण आईने त्याचा सिनेमा स्वतः कापला असेल, हे मनात आलं नव्हतं. शेवटी नावं वर सरकली तेव्हा तिने डोळे ताणून बघितलं. संकलन: गालिह. आईचं नाव आभारांतही नव्हतं. दिवे लागले. शेजारी बसलेली नट्टया म्हणाली, "तू रडतेस की काय?" "एसी लागला डोळ्यांना," पालुपी म्हणाली. महोत्सवाच्या पहिल्या दिवशी तिने कागदावर सही केली होती, की स्पर्धेतल्या कुठल्याही सिनेमाच्या कुणाही माणसाशी माझं नातं नाही. सही केली तेव्हा ते खरं होतं. आठव्या मिनिटाला ते खोटं झालं. पण खोटं झालं हे फक्त तिलाच माहीत होतं, आणि आईला, आणि गालिहला.

शुक्रवारी पहाटेच्या नमाजानंतर तुमिराहचा फोन आला. "म्बाक, तुम्ही या."

"काय झालं?"

"तुम्ही या आधी. मी इथेच आहे, हात धरून बसलेय."

कुणाचा हात, हे पालुपीने विचारलं नाही. टेकडी उतरताना रिक्षावाल्याने रेडिओ लावला होता. तिने तो बंद करायला सांगितला नाही, कारण बंद करायला सांगायचं तर कारण द्यावं लागलं असतं. घरात बायका जमल्या होत्या. आई चटईवर होती, हनुवटीखालून डोक्यावर कापड बांधलेलं, चेहरा थोडा नाराज. हृदय, असं दवाखान्यातून आलेल्या माणसाने सांगितलं. बरेच दिवस दुखणं असणार. रात्री झोपताना दोन उश्या घेत होत्या का, धाप लागत होती का, पाय सुजत होते का? प्रत्येक प्रश्नाला तुमिराहनेच उत्तर दिलं. हो. हो. हो. दोन महिने झाले. "मला म्हणाल्या, पालुपीला सांगू नकोस, तिचा महोत्सव आहे. मी म्हटलं महोत्सव संपल्यावर सांगू. त्या म्हणाल्या, बघू."

आंघोळ घालायला पालुपी बायकांबरोबर बसली. पाणी डोक्यावरून, मग उजव्या बाजूने, मग डाव्या. आईचं अंग इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं. उजव्या हाताच्या तर्जनीला आणि अंगठ्याला जुने बारीक व्रण होते, कापायच्या पात्याचे. पालुपीला ते ठाऊक होते, पण बोटांवरून बोट फिरवून ते तिने कधी पाहिले नव्हते. तुमिराह म्हणाली, "चोळू नका फार, म्बाक. हळू." बाहेर अंगणात फळ्या टाकून पाण्यावर जागा केली होती. लोक येत होते: गल्लीतले, बंदरावरचे, महोत्सवाचे स्वयंसेवक गळ्यात ओळखपत्रं तशीच घालून. तेओदोरो आणि नट्टया एका कडेला उभे होते, बूट हातात, पँटी दुमडून. घोट्याएवढ्या पाण्यात ते दोघे वयस्कर शाळकरी मुलांसारखे दिसत होते.

मग अंत्यविधी चालवणारे मशिदीतले मोदीन पुढे आले. तिरडी अंगणात ठेवली होती, वर फुलांच्या माळा. त्यांनी रीतीप्रमाणे घरच्यांच्या वतीने सगळ्यांची माफी मागितली, की गेलेल्या बाईकडून कुणाला कमीजास्त बोलणं झालं असेल, मन दुखावलं असेल, तर सोडून द्या. आणि मग विचारलं, "मंडळी, या बू वार्सीनी कशा होत्या? चांगल्या होत्या की नाही?"

"चांगल्या," लोक एका आवाजात म्हणाले.

"चांगल्या होत्या?"

"चांगल्या होत्या."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं आणि तिसऱ्यांदा उत्तर आलं. पालुपीचे ओठ उघडले होते. पण तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, आणि तो नाही निघाला हे इतक्या आवाजात कुणाला कळणंही शक्य नव्हतं. ती लहानपणापासून हे ऐकत आली होती, चोरासाठी ऐकलं होतं, सावकारासाठी ऐकलं होतं. याच्यात कधी कुणी वेगळं बोलत नाही. चर्चा नाही, कारणं नाहीत. तिला वाटलं, आपण एवढी वर्षं लिहितोय, निवडतोय, हा वरचा तो खालचा असं ठरवतोय, आणि कुठल्याच सिनेमाबद्दल आपण असं सरळ विचारलं नाही. पण हा विचार तिला लगेच खोटा वाटला. सरळ विचारलं नव्हतं असं नाही. बुधवारी सरळच विचारलं होतं, आणि तिने उत्तर दिलं होतं.

कबरस्तान खालच्या अंगाला, खारफुटीच्या बाजूला. खड्डा खणला तसा पाण्याने भरत होता. पुरुष बादल्यांनी पाणी उपसत होते, आणि पाणी भरत होतं, आणि ते पुन्हा उपसत होते. शेवटी मोदीन म्हणाले, "आता असंच," आणि फळ्या टाकून घाईने झाकलं. गालिह खांद्यावर तिरडी घेऊन आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा मुलासारखा सुजलेला. घरी परतल्यावर, बायका चहा फिरवत असताना, तो पालुपीच्या समोर चटईवर येऊन बसला. बराच वेळ ग्लासचं झाकण फिरवत राहिला.

"म्बाक, एक सांगायचं होतं. सांगायला नको खरं तर. पण आता त्या नाहीत."

"सांग."

"सिनेमा बूंनी कापलाय. माझा. अख्खा."

पालुपीने हातातला ग्लास चटईवर ठेवला. त्याला वाटलं तिला धक्का बसला, म्हणून तो घाईघाईने बोलू लागला. "नाव होतं, म्बाक. पहिल्या प्रतीत नाव होतं, एका अख्ख्या चौकटीवर, एकटं. मग तुमचं नाव परीक्षकांत आलं. बूंनी मला बोलावलं, म्हणाल्या, काढ. मी म्हटलं, का काढू? आयुष्यात पहिल्यांदा येतंय. तर म्हणाल्या, 'माझं नाव दिसलं तर माझ्या पोरीला खुर्चीवरून उठावं लागेल. गावच्या पोरीला एकदाच ती खुर्ची मिळते. महोत्सव झाल्यावर परत घाल.' मी भांडलो. त्या म्हणाल्या, 'बावीस वर्षं नव्हतं, अजून पंधरा दिवस नसलं तर काय बिघडतं?' आणि हसल्या. तुम्हाला माहीत आहे कशा हसायच्या."

"कसं?" पालुपीने विचारलं. तिला खरंच आठवत नव्हतं.

"तोंड मिटून." तो थांबला. "शेवटी शेवटी त्या थकल्या होत्या. दुसरा भाग करताना दर दहा मिनिटांनी आडव्या व्हायच्या. शॉट पहिल्यापेक्षा छोटे पडायला लागले. माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, बू, मी लांबवतो का जरा, पहिल्या भागासारखे? तर माझ्या हातावर चापट मारली. म्हणाल्या, 'ठेव तसंच. या बाईचा श्वास आता एवढाच राहिलाय.' सिनेमातल्या म्हातारीचा, म्हणजे. मला आधी पटलं नाही. मग पूर्ण सिनेमा एकदा पाहिला आणि पटलं. तुम्हाला... नाही, तुम्हाला बोलता येत नाही. मी विचारत नाही."

तो खरंच विचारत नव्हता. पालुपीने ग्लास उचलला आणि चहा पिऊन टाकला, गरम, एका दमात. समोरच्या भिंतीवर, भरावाच्या वर हातभर, पाण्याच्या जुन्या रेघा होत्या. तिच्या डोळ्यासमोर ते हॉटेलातलं टेबल आलं, आणि तिचा स्वतःचा स्पष्ट, समजूतदार, शिकलेला आवाज. 'एक तर संकलक थकला.' आईला काय होतंय ते तिला मंगळवारीच, अंधारात बसून, पडद्यावर दिसलं होतं. तुमिराहला उश्या, धाप, पाय दिसले होते. पण पालुपीने श्वास मोजला होता, दृश्यामागून दृश्य, आणि तो कमी होत जाताना बरोबर पकडला होता. पकडून काय केलं? टिपणवहीत लिहिलं. 'लय डळमळते.' गुरुवारी ती आईसमोर बसून मासा खात होती आणि तिच्या पिशवीत ती वही होती. तिने तेव्हा एवढंच म्हटलं असतं, बू, दुसऱ्या भागात तुम्हाला धाप लागतेय का? पण ते म्हणणं म्हणजे ओळखलं असं सांगणं झालं असतं. आणि आई तर विचारून बसली होती, लोक शेवटपर्यंत बसले का. आई सिनेमाबद्दल विचारत नव्हती, खुर्च्यांबद्दलही नव्हती. पालुपी शेवटपर्यंत बसली का, हे तिला जाणून घ्यायचं होतं. दोघींनी एकमेकींना अवघडवायचं नाही म्हणून तोंडं मिटली, एकीने नाव काढून, दुसरीने मत देऊन. आणि या घरात हेच चांगलं वळण मानलं जात होतं.

शनिवारी दुपारी परीक्षकांनी निवेदनावर सह्या करायच्या होत्या. नट्टयाचा निरोप होता: तू येऊ नकोस, कागद आम्ही घरी पाठवतो. पालुपी गेली. तुमिराह दारात म्हणाली, "आज कुठे? सात दिवस घरात लोक येणार." "तासाभरात येते," ती म्हणाली. आईचा काळा झगा तिला आखूड होत होता, तरी तिने तोच घातला होता. का, ते तिला सांगता आलं नसतं. हॉटेलच्या जिन्यावर रविवारच्या बक्षीस समारंभासाठी फुलांनी सजवलेले फलक लावणं चाललं होतं. त्यातला एक फलक दुखवट्याचा होता, वार्सीनी यांच्यासाठी, महोत्सवाच्या वतीने. खाली छोट्या अक्षरांत 'आमच्या परीक्षक पालुपी यांच्या मातोश्री'. ती त्याच्यासमोर थांबली. पहिल्यांदा आईचं नाव महोत्सवाच्या फलकावर होतं, आणि तिथेही तिचं म्हणून नव्हतं.

खोलीत तीच खुर्ची रिकामी ठेवली होती. सगळे उठले, तेओदोरोंनी तिचे दोन्ही हात धरले. "तू यायला नको होतंस, पोरी. कागद साधा आहे. सही कर आणि जा." समोर दोन कागद होते. एकावर निवेदन: बसड्रायव्हर, त्याची माणुसकी, वगैरे. दुसरा पहिल्या दिवसाचाच, शेवटी पुन्हा एकदा भरायचा: स्पर्धेतल्या कुठल्याही सिनेमाच्या कुणाही माणसाशी माझं नातं नाही. बाकी चौघांच्या सह्या झाल्या होत्या. नट्टयाने पेन उघडून तिच्या हातात दिलं. पेन हलकं होतं. पालुपीला वाटलं, आत्ता सही केली तर काहीच होणार नाही. कुणाला कळणार नाही. गालिह पुढच्या प्रतीत नाव परत घालील, लोक कौतुक करतील, ती स्वतः त्यावर एक चांगला लेख लिहील, संयमी, आईची आठवण काढणारा. त्यात बुधवारचा उल्लेख नसेल. आणि बोलली तर लोक म्हणतील, आई मेली म्हणून बक्षीस फिरवलं. आईच्या आयुष्यातलं एकमेव बक्षीस कीव म्हणून दिलं गेलं असं कायम म्हटलं जाईल. गालिहचंही नुकसान. त्या ड्रायव्हरवाल्या मुलाचंही, ज्याचा काही दोष नाही. महोत्सव तिला पुन्हा बोलावणार नाही. ही सगळी कारणं बरोबर होती. बुधवारीही तिच्याकडे बरोबरच कारणं होती.

तिने पेनला टोपण लावलं.

"या कागदावर मला सही करता येत नाही," ती म्हणाली. "'भरतीचं वेळापत्रक' माझ्या आईने कापलाय."

पेनांगवाला म्हणाला, "म्हणजे? नाव तर त्याचंच..."

"तिने स्वतःचं नाव काढायला लावलं. मला इथे बसता यावं म्हणून. ते मला काल कळलं. पण सिनेमा तिचा आहे हे मला आठव्या मिनिटालाच कळलं होतं. तेव्हाच मी उठायला हवं होतं."

नट्टया हलक्या आवाजात म्हणाली, "पण तू तर विरोधात मत दिलंस. तू पक्षपात केला नाहीस. कुणी तुला काही म्हणणार नाही."

"मी पक्षपातच केला."

तेओदोरोंनी कानाच्या यंत्राला हात लावला आणि हात तसाच ठेवला. "तिचं मत रद्द धरलं तर बरोबरी होते, आणि माझं मत दुप्पट," ते सावकाश म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. "पोरी, तू आत्ता दुःखात आहेस. नीट विचार करून बोल. तुझं म्हणणं काय आहे? तुझी त्या संकलनाबद्दलची टीका चुकीची होती?"

पालुपीने त्यांच्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर भरती चढत होती, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांचा पाण्यातला आवाज येत होता. तिला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. तिचा आवाज बुधवारसारखाच स्पष्ट होता, आणि त्याची तिला शरम वाटली.

"मोजमाप बरोबर होतं. अर्थ चुकीचा लावला, आणि मुद्दाम लावला. तुम्हाला वाटतं मी न्यायाने वागायला गेले आणि चुकले. तसं नव्हतं. लहानपणी मी दाराबाहेर बसायची आणि ती आत रिकाम्या दारांकडे बघत बसायची. मी काही लिहिलं की ती पेन्सिल घ्यायची. बुधवारी पहिल्यांदा तिचं काम माझ्यासमोर होतं आणि तिला उलटून बोलता येत नव्हतं. इतका चांगला सिनेमा मी या पंधरांत पाहिला नाही. मला तो आवडला होता. तो वाईट कापलाय असं मी इथे बसून तुम्हाला सांगितलं," ती म्हणाली, "आणि सांगताना मला बरं वाटलं."